मैदानावरचा शाळामास्तर

हेलसिंकी येथे १५ जुलै १९५२ रोजी ऑलिंपिक फुटबॉलच्या प्राथमिक फेरीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. आदल्याच वर्षी, मार्च १९५१ मध्ये, दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत इराणला १-० असे हरवून भारताने सुवर्णपदक पटकाविले होते. दोन्ही वेळी संघाचे मार्गदर्शक एकच होते, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पराभवाची कारणमीमांसा सुरू होताच सर्वांची बोटे खेळाडूंच्या अनवाणी पायांकडे वळली. उत्तरेकडच्या त्या थंड हवेत आपले अनेक खेळाडू बुटांवाचून खेळले होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यानंतर बूट सक्तीचे केले आणि प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटले.

तो मिटला नव्हता. बूट बाजारात मिळतात. परंतु बूट घातलेल्या पायाने वेगात येणारा चेंडू अलगद थोपविण्याची जाण बाजारात मिळत नाही. ती दहाव्या-बाराव्या वर्षी अंगी मुरावी लागते. पंचविशीतल्या माणसाला ती शिकवावयाची म्हणजे आधी त्याची जुनी सवय मोडावी लागते, आणि सवय लावण्यापेक्षा ती मोडणे कितीतरी अवघड, हे कोणताही प्राथमिक शिक्षक सांगू शकेल. हेलसिंकीला दिसलेली उणीव हेलसिंकीला निर्माण झालेली नव्हती. ती पंधरा वर्षांपूर्वी, गावोगावच्या शाळांच्या पटांगणांवर, कोणाच्याही लक्षात न येता निर्माण झाली होती. या पटांगणांची रहीम यांना चांगलीच ओळख होती, कारण ते स्वतः शाळामास्तर होते.

२०२४ साली ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे रहीम यांचे नाव नव्या पिढीच्या कानावर गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. चित्रपटाचा भर साहजिकच राष्ट्रीय संघावर आणि १९५२ ते १९६२ या दशकातील जयापजयांवर आहे. पदके पडद्यावर शोभून दिसतात. शाळेच्या मैदानावर वर्षानुवर्षे चाललेली शिकवणी तशी दिसत नाही. रहीम यांच्या आयुष्यातील अधिक मोलाचा भाग मात्र या शिकवणीचाच होता, आणि होतकरू मुलांना घडविणाऱ्या कोणाही प्रशिक्षकाने अभ्यासावा असाही तोच आहे.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. निजामाच्या त्या संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड असे तिन्ही मुलूख मोडत. औरंगाबाद-नांदेडकडील मुले उच्च शिक्षणासाठी ज्या उस्मानिया विद्यापीठात जात, त्याच विद्यापीठातून रहीम बी. ए. झाले. विद्यापीठाच्या संघातून आणि पुढे शहरातील क्लबांतून ते फुटबॉल खेळले. उपजीविकेसाठी मात्र त्यांनी शिक्षकी पत्करली. काचीगुडा येथील माध्यमिक शाळा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी अध्यापन केले. मधल्या काळात शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खेळाडू म्हणून त्यांचे नाव देशभर गाजले, असे म्हणता येणार नाही. किंबहुना ते गाजले नाही, हे भारतीय फुटबॉलच्या पथ्यावरच पडले असावे. ज्याला उपजत सारे साधते, त्याला ते दुसऱ्यास का साधत नाही हे उमगत नाही. ज्याने स्वतः धडपडून शिकलेले असते, तो दुसऱ्याच्या अडचणीची जागा ओळखतो.

१९४३ साली रहीम हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. आपल्याकडे असे पद म्हणजे सामन्यांची वेळापत्रके, पंचांच्या नेमणुका आणि बैठकींतील चहापान, अशी समजूत आहे. रहीम यांनी त्याचा उपयोग निराळ्याच कामी केला. स्पर्धा भरविणे ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती स्पर्धेचे नियमही असतात, ही साधी गोष्ट त्यांनी हेरली आणि नियमांनाच शिक्षक बनविले.

त्यांनी भरविलेल्या स्पर्धांपैकी एक होती ड्रिब्लिंगला बंदी असलेली स्पर्धा. चेंडू पायाशी खेळवीत एकेकाला चकवून पुढे जाणे, हा त्या काळच्या भारतीय फुटबॉलचा मोठा दागिना होता. प्रेक्षक त्यावर लुब्ध असत आणि चार जणांना चकविणाऱ्या पोराच्या पाठीवर गल्लीभर थापा पडत. रहीम यांच्या या स्पर्धेत त्याला मुभाच नव्हती. चेंडू आला की तो सहकाऱ्याकडे धाडलाच पाहिजे.

वरवर पाहता हा नियम मुलांच्या कलेवर अन्याय करणारा वाटतो. परंतु त्याचा परिणाम कोठवर पोचतो, ते पाहण्यासारखे आहे. चेंडू जवळ ठेवता येत नाही, म्हणून तो येण्यापूर्वीच मान वर करून सहकारी कोठे आहेत हे पाहून ठेवणे भाग पडते. ज्याच्याकडे चेंडू नाही त्यालाही उभे राहून चालत नाही. मोकळ्या जागेत धावून जावे लागते, अन्यथा चेंडू देणारा अडकतो. संघातील सर्वांत कच्च्या मुलाकडेही चेंडू येतो, कारण तो दडवून ठेवण्याची हुशार मुलाची सोय राहिलेली नसते. एरवी प्रशिक्षकाने कडेला उभे राहून घसा कोरडा करीत सांगावयाच्या या गोष्टी. येथे कोणी काही सांगत नाही. खेळच त्या करावयास लावतो. आज युरोपातील प्रबोधिनींमध्ये लहान मैदानावर, एका-दोन स्पर्शांतच चेंडू पुढे देण्याच्या अटीवर मुलांना खेळविले जाते. रहीम यांनी हा धडा हैदराबादच्या मैदानांवर अगदी थोडक्या साधनांनिशी गिरविला होता.

दुसरी स्पर्धा याहून मजेची. तीत खेळाडूने आपल्या दुबळ्या पायाने खेळावयाचे. उजव्या पायाच्या मुलाने डाव्याने आणि डावऱ्याने उजव्याने. अशा सामन्यात चेंडू भलतीकडे जाणार आणि बघणारे हसणार, हे ठरलेलेच. पण सगळेच अडखळतात, म्हणून एकट्याची फजिती होत नाही, ही त्यातली खरी खुबी. वर्गातील सर्वांनाच एकदम नवी लिपी शिकविताना जे घडते, तेच येथे घडते. आदल्या दिवसापर्यंत मैदान गाजविणारा मुलगा आणि कालपरवा संघात आलेला मुलगा यांच्यातील अंतर घटकाभर नाहीसे होते, आणि शिकण्याची लाज गेली की शिकणे लवकर होते. ज्याचे दोन्ही पाय चालतात, त्याचा पुढचा डाव प्रतिस्पर्ध्याला आधी ओळखता येत नाही. पंचविशीत कितीही घोटले तरी हे सहसा साधत नाही.

आपल्याकडील शालेय फुटबॉलची रीत याच्या नेमकी उलट आहे. दिल्लीत १९६० पासून भरणाऱ्या सुब्रतो मुखर्जी करंडक स्पर्धेने देशातील शाळांना मोठे व्यासपीठ दिले, हे निर्विवाद. परंतु करंडक आला की करंडकाची घाईही येते. मुख्याध्यापकांना तो कार्यालयातील काचेच्या कपाटात हवा असतो, संस्थाचालकांना वार्षिक अहवालात हवा असतो आणि क्रीडाशिक्षकाची वेतनवाढ नसली तरी प्रतिष्ठा त्यावर अवलंबून असते. मग चौदा वर्षांच्या मुलांमधून जो आधी वाढला, ज्याला मिसरूड आधी फुटली, तो निवडला जातो. ज्याच्या पायात अक्कल आहे पण अंगात बळ यावयाचे आहे, तो बाकावर बसतो आणि वर्षभरात मैदान सोडून जातो. वयाचे खोटे दाखले हा याच घाईचा पुढचा टप्पा. निवडलेल्या थोराड मुलाचेही यात भले होत नाही. धक्काबुक्कीने सामने जिंकता येतात, तोवर चेंडू नीट थोपविण्यास शिकण्याची गरज त्याला भासत नाही. अठराव्या वर्षी इतरांची वाढ त्याच्याबरोबर आली की तो उघडा पडतो. शेतकरी भाषेत बोलावयाचे तर हे बियाण्याचे धान्य दळून खाणे आहे. त्या दिवसाची भाकरी चांगली होते, यात शंका नाही.

रहीम यांना जिंकण्याचे वावडे होते, असा मात्र गैरसमज नको. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते आणि या संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. कूपरेज मैदानावर कलकत्त्याच्या मातबर क्लबांची मिजास उतरविणारे हैदराबादचे ते पोलीस मुंबईकर प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. पुढे रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ असा दोनदा संतोष करंडक मिळविला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात पराभूत झाला तो मुंबईचा संघ. म्हणजे जिंकण्याची ईर्षा होतीच. फरक एवढाच, की कोणत्या वयात काय मागावे, याचा विवेक त्यांच्यापाशी होता. पोलीस संघाकडून करंडक मागावा, शाळकरी पोरांकडून डावा पाय मागावा.

पोलीस संघाची आणखी एक बाजू आहे आणि ती पोटापाण्याची आहे. त्या काळी फुटबॉलचा धंदा झाला नव्हता. गरीब घरातील खेळाडूला नोकरी हाच एक आधार होता. पोलीस दलात भरती झालेल्या तरुणाला महिन्याचा पगार, सरावासाठी वेळ आणि डोक्यावर छप्पर मिळे. होतकरू खेळाडू मैदानातून नाहीसा होतो, तो बहुधा कौशल्य संपल्यामुळे नव्हे, तर सोळाव्या-सतराव्या वर्षी घराला हातभार लावण्याची पाळी आल्यामुळे. प्रशिक्षणाच्या पुस्तकांतून या कारणाचा उल्लेख क्वचितच आढळतो.

तुळशीदास बलराम याची हकीगत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील हा गरीब घरातला मुलगा रहीम यांच्या नजरेस पडला, तेव्हा तो विशीच्या आत-बाहेर होता. त्यांनी त्याला हैदराबादच्या निवड सरावासाठी बोलाविले. रोज एवढे अंतर जाण्या-येण्यास मुलाजवळ पैसे नव्हते. रहीम यांनी त्याला भाड्याच्या सायकलीचे पैसे दिले. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात यापेक्षा फायद्याची गुंतवणूक शोधून सापडावयाची नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला गेलेल्या संघात बलराम होता, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीविरुद्ध व पेरूविरुद्ध भारताचे गोल त्यानेच केले. सायकलीचे भाडे देण्यास मनाचा मोठेपणा लागतो हे खरे, पण त्याआधी आणखी एक गोष्ट लागते. मुलगा सरावाला का येत नाही, हे विचारावे लागते. न येणाऱ्याचे नाव यादीतून खोडणे अधिक सोपे असते.

मेलबर्नमधील कामगिरी सर्वांस ठाऊक आहे. यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव करताना मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा या गोमंतकीय खेळाडूने तीन गोल नोंदविले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने भारताला ४-१ असे हरविले, पण पहिला गोल भारताचा होता. भारत चौथा आला. चार वर्षांपूर्वी याच युगोस्लाव्हियाने दहा गोल चढविले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे मधल्या कामाचा अंदाज येतो. रोममध्ये पदक मिळाले नाही. परंतु बलाढ्य हंगेरीशी १-२ अशी झुंज आणि फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी, हे आकडे आज स्वप्नवत वाटतात. रोमच्या त्या संघात रहीम यांचा मुलगा हकीम याचीही निवड झाली होती. त्याला एकाही सामन्यात खेळविले गेले नाही. घरात यावर काय बोलणे झाले असेल, याची कल्पना करता येते. मैदानावर मात्र वाद उद्भवला नाही. हाच हकीम पुढे स्वतः प्रशिक्षक झाला आणि मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र संघाला त्याने मार्गदर्शन केले.

१९६२ साली जकार्ता येथे रहीम गेले ते कर्करोगाने पोखरलेले शरीर घेऊन. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ०-२ असे हरविले. नंतर थायलंडविरुद्ध विजय मिळाला, पण जर्नेलसिंग हा बचावफळीचा आधारस्तंभ डोक्याला जखम होऊन टाके घालण्याची पाळी आली. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध रहीम यांनी त्याला चक्क सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले, आणि त्याने गोल केला. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. इस्रायल आणि तैवान यांना वगळल्याबद्दल भारतीय प्रतिनिधींनी केलेल्या टीकेमुळे खवळलेला सुमारे एक लाखाचा प्रेक्षकसमुदाय भारताविरुद्ध ओरडत होता. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारताने तो सामना २-१ असा जिंकला. त्यानंतर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा लाभलेले नाही.

बचावपटूला आघाडीवर धाडण्याचा तो डाव म्हणजे आयत्या वेळचा जुगार, असे म्हटले जाते. त्यात जुगाराचा अंश असेलही. पण खेळाडूकडे त्याच्या नेहमीच्या जागेपलीकडे पाहण्याची दृष्टी असल्याखेरीज असा डाव सुचत नाही. बाराव्या वर्षी मुलाच्या कपाळी फुलबॅक किंवा राइट आउट असा शिक्का मारून टाकणाऱ्यांना ही दृष्टी नसते.

रहीम यांच्या कार्यात वैगुण्ये नव्हती, असे नाही. राज्य संघटनेचे चिटणीस, पोलीस संघाचे प्रशिक्षक आणि राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शक, ही तिन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असणे आज कोणी खपवून घेणार नाही आणि घेऊही नये. त्यांच्या हातून सत्तेचा उपयोग चांगला झाला, हा त्यांच्या स्वभावाचा गुण, व्यवस्थेचा नव्हे. याचे फळही तसेच मिळाले. जे एका माणसावर उभे होते, ते त्या माणसाबरोबर ओसरले. पतियाळा येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली आणि प्रशिक्षकांना रीतसर पदविका मिळू लागल्या. पण ड्रिब्लिंगबंदीची आणि दुबळ्या पायाची स्पर्धा जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळांपर्यंत पोचली नाही. तिला ना मोठे अनुदान लागत होते, ना परदेशी तज्ज्ञ. लागत होता तो फक्त स्पर्धेच्या परिपत्रकात एका ओळीचा बदल, आणि एखाद्या हंगामात करंडकाची फिकीर न करणारा शिक्षक.

हैदराबादच्या फुटबॉलची ओहोटी पुढे इतकी झपाट्याने आली, की त्या शहराने एके काळी भारतीय संघाला अर्धी फळी पुरविली होती, हे तरुणांना सांगूनही पटत नाही. कलकत्त्याच्या क्लबांनी तेथील चांगले खेळाडू उचलले, हे त्याचे एक कारण दिले जाते. ते अपुरे आहे. खेळाडू रहीम यांच्या हयातीतही कलकत्त्यास जात. बलरामही ईस्ट बंगालकडे गेलाच होता. एक गेला की त्याच्या जागी दुसरा तयार असे. विहिरीतून पाणी उपसल्याने ती आटत नाही. झरे बुजले म्हणजे आटते.

जकार्ताहून परतल्यावर रहीम यांना फार आयुष्य लाभले नाही. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते निवर्तले. प्रशिक्षकांसाठी असलेला द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ साली. फुटबॉलच्या वाट्याला तो पहिल्यांदा आला १९९० मध्ये, सय्यद नईमुद्दीन यांच्या रूपाने. नईमुद्दीन हैदराबादचे. १९६२ मध्ये, रहीम यांच्या अखेरच्या वर्षात, ते हैदराबाद पोलीस संघात दाखल झाले होते.